थोरल्या जावेचा कोलन

लिफ्टचे प्रोग्राम बनवणाऱ्या त्या कंपनीत थोरली आधीपासून होती. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून तयार प्रोग्राम बाहेर काढणारी बिल्डची फाइल तिची. तिला विचारल्याशिवाय तिथे कुणी बोट लावत नसे. मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ त्याच कंपनीत, समोरच्याच टेबलावर आली. घरी सासूबाईंना धाकटीचं बोलणं गोड, ऑफिसात साहेबांना तिचं काम गोड. थोरलीच्या पोटात दुखायचं. धाकटी सहज हसली तरी तिला वाटे, मलाच हसली.

एका सोमवारी गिऱ्हाइकाला प्रोग्राम पोचलाच नाही. साहेब थोरलीच्या टेबलाशी आले. तिने फाइल उघडली. अगदी तळाशी धाकटीची एक नवी ओळ होती: ‘ठिकाण’ या व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवून ठेवणाऱ्या नावाला, तिने आपल्या चाचणीच्या फोल्डरचं नाव दिलं होतं. तयार प्रोग्राम तिकडेच जाऊन बसला होता.

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. “धाकटीला विचारा,” ती म्हणाली.

साहेब तिला बोलवायला वळले, तेवढ्यात थोरलीची नजर वरच्या ओळीवर गेली. प्रोग्राम कुठे पाठवायचा ते सांगणारं ‘पत्ता’ हे व्हेरिएबल तिने स्वतःच ‘ठिकाण’वरून बनवलं होतं, नुसतं बरोबरचं चिन्ह देऊन. नुसत्या बरोबरने किंमत लगेच ठरत नाही. ओळ तशीच ठेवली जाते आणि वापरायच्या वेळी ‘ठिकाण’ जे असेल ते तिच्यात भरलं जातं. बरोबरच्या आधी कोलन टाकला असता, तर किंमत तिथल्या तिथे पक्की झाली असती. मग खाली कुणी काहीही लिहो.

धाकटी आली. ओळ बघून तिचा चेहरा उतरला. “माझंच चुकलं, साहेब. ताईंना न विचारता हात घातला. त्यांना काही बोलू नका.”

साहेब विरघळले. “याला म्हणतात मोठं मन.”

थोरली गप्प बसली असती तरी भागलं असतं. पण चूक करूनही कौतुक हिनेच न्यायचं?

“तिची कसली चूक,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “कोलन मी विसरले. ती ओळ माझी आहे.”

तिने कोलन टाकला, बिल्ड पुन्हा चालवला. प्रोग्राम जिथे जायचा तिथे गेला. साहेब “बरं झालं” म्हणून फोनकडे वळले. मोठ्या मनाचं नाव कुणी काढलं नाही.

घरी जेवताना धाकटी म्हणाली, “आज ताईंनी मला वाचवलं.”

“गुणाची गं पोर,” सासूबाई म्हणाल्या, “कुणी केलेलं विसरत नाही.”

थोरलीने पाण्याचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.