गमरेकाकांचा अर्धा पाळणा

गमरेकाका स्पीकरला 'अहो' म्हणायचे.

"अहो बाई, जरा गाणं लावता का?" हात मागे बांधून, किंचित वाकून ते त्या वाटीएवढ्या गोल यंत्राला विचारायचे आणि यंत्र ढिम्म बसून राहायचं. त्याला ठरलेल्या नावानंच हाक मारावी लागते, तीही एकेरीत, आणि काय हवं ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत सांगावं लागतं, हे मी त्यांना समजावलं. तेव्हा ते माझ्याकडे जरा नाराजीनं बघत म्हणाले, "आवाज बाईमाणसाचा हाय ना? मग एकेरीत कसं बोलायचं?"

आमची ओळखही त्या यंत्रामुळेच झाली. खांदेश्वरच्या सोसायटीत आम्ही राहायला येऊन महिना झाला असेल. एका सकाळी बेल वाजली. दारात पांढऱ्या शर्टातले एक उंच, सडपातळ गृहस्थ, दोन्ही हातांत एकेक स्पीकर. "जय भीम, मॅडम. समोरचा गमरे. तुमी कॉम्प्युटरमधल्या ना? पुण्याच्या लेकीनं ह्या दोघी पाठवल्यात. एक हॉलला, एक किचनला. पण दोघी माझं ऐकत नायत."

मी दोन्ही स्पीकर वायफायला जोडून दिले. एक गाणंही लावून दाखवलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग खरी तक्रार सांगितली. "दुनियेची गाणी हायत हिच्याकडं. माझी नायत."

त्यांची गाणी दिवाणाखाली होती. बुटांच्या खोक्यांत भरलेल्या दोनशेच्या वर कॅसेटी. काका मूळचे महाडकडचे. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी टर्नर म्हणून आयुष्य काढलं, आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या गायन पार्टीबरोबर टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ते गावोगाव फिरले. जयंतीचे कार्यक्रम, नामकरणं, लग्नं, सगळीकडे. स्वतः कधी गायले नाहीत. "माझा गळा म्हंजे गंजलेला नट. पण कान शाबूत हाय," असं म्हणायचे. लेथच्या नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे ते लांबून ओळखायचे, असं काकू सांगत.

मग शनिवारची दुपार त्यांच्याकडे, असं ठरूनच गेलं. जुना डेक वायरनं माझ्या लॅपटॉपला जोडायचा आणि एकेक कॅसेट उतरवून घ्यायची. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. पहिल्या दिवशी मी डेक चालू करून "तोवर मी कपडे वाळत घालून येते" म्हणाले, तर काकांनी हातानंच मला थांबवलं. "माणूस गात असताना उठायचं नाय, मॅडम. टेपमधला असला म्हणून काय झालं?" त्यामुळे काकूही चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि गाणं संपल्यावर आत यायच्या. त्या घरात मी गरम चहा क्वचितच प्यायले असेन.

उतरवलेली गाणी हार्ड डिस्कच्या एका छोट्या डब्यात साठवायची, तो डबा राउटरला जोडून ठेवायचा, म्हणजे स्पीकर तिथून घेऊन वाजवतील, अशी माझी योजना होती. स्पीकरला मराठी नावं नीट कळत नसत, म्हणून मी सोपा मार्ग काढला: प्रत्येक गाण्याला नंबर देऊ. काका एकदम ताठ झाले.

"नंबर नाय. कंपनीत मला नंबर होता. टोकन नंबर. सुपरवायझर नंबरानं हाक मारायचा आणि मी 'ओ' द्यायचो. ह्या माणसांना नंबर नाय द्यायचा."

मग प्रत्येक गाण्याला नाव दिलं. कोण गायलं, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कुठल्या वस्तीत. स्पीकर चुकायचा तिथे मी मोबाइलवरून लावून द्यायचे. पहिल्यांदा हॉलमध्ये आणि किचनमध्ये एकाच वेळी त्यांची पार्टी वाजू लागली, तेव्हा काकू भाकरी थापायच्या थांबल्या. "अगो बाय! हे आमच्या लग्नातलं," एवढंच बोलल्या. भाकरी तव्यावर करपली, पण त्या दिवशी गाणं संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

अशा एका शनिवारी ती कॅसेट आली. आतल्या कागदावर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बाई, पावणे. पाळणा, अर्धा.' दोनशे कॅसेटींत नाव नसलेली ही एकच. एका बाईचा मोकळा, जरासा जाड आवाज. साथ नाही, टाळ्या नाहीत. आई पाळण्यातल्या बाळाला वस्तीतल्या एकेका घराची ओळख करून देते, असा पाळणा होता. हे घर सुईणीचं, हे घर गवंड्याचं, हे बोलक्या म्हातारीचं... आणि तिथे खट् आवाज होऊन गाणं तुटलं.

"परत लावा," काका म्हणाले.

मी लॅपटॉपवर खरखर कमी करून, स्पीकरचा आवाज वाढवून परत लावलं. जुन्या टेपच्या खरखरीत जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते आता स्वच्छ आलं. खट् व्हायच्या आधी एक पुरुषी आवाज म्हणत होता, "बस करा बाई आता. बुवा आले."

आवाज काकांचा होता.

ते उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. पुढचा शनिवार त्यांनी चुकवला. त्यानंतरच्या शनिवारी स्वतःच माझ्याकडे आले ते सांगायलाच. "पार्टीचे बुवा यायला उशीर झालेला. लोक उठायला लागले, तर ही बाई पुढं येऊन गायला बसली. बुवा आले आणि टेप संपत आलेली. बुवांसाठी जागा ठेवायची म्हणून मी बटन दाबलं. तिचं नावबी इचारलं नाय. माझ्यामुळं ती परत कधी गायली नसंल तर?"

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात असणार? पण काका ऐकणाऱ्यातले नव्हते. पार्टीचा ढोलकीवाला तळोज्याला राहत होता, त्याला गाठलं. त्याला बाईचं नाव आठवेना, पण तिचा नवरा गोण्यांच्या गोदामात हमाल होता हे आठवलं. तेवढ्यावर काका तीनदा पावण्याला जाऊन आले. चौथ्यांदा मलाही घेऊन गेले, हातातल्या पिशवीत स्पीकर.

कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत, एका खोलीच्या दाराशी सोनाबाई भांडी घासत बसल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण. बीडकडून कामाला आलेलं कुटुंब. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. मग आतल्या प्लगला स्पीकर जोडून मी माझ्या मोबाइलवरून गाणं लावलं.

सोनाबाईंनी राखेचे हात तसेच धरून स्वतःचा आवाज ऐकला. खट् झालं तशा हसल्या. "माझाच हाय की! लई जाड व्हता गं बया."

"बटन मी दाबलं, बाई," काका म्हणाले. "चूक झाली माझी. माझ्यामुळं तुमचं गाणं..."

"कशाचं तुमच्यामुळं?" सोनाबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "तुमी बटन बंद केलं व्हतं. माझा गळा न्हाई. तीन लेकरं, सात नातवंडं ह्याच पाळन्यावर निजवली. तुमच्या टेपात न्हाई गायले, एवढंच."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतके दिवस मनावर ओझं वाहत आलेला माणूस आणि समोरच्या बाईच्या लेखी त्या ओझ्याला वजनच नव्हतं. त्यांना हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागत होते.

"मग पुरं ऐकवाल का?" त्यांनी विचारलं.

"भांडी होऊ द्या."

भांडी होईपर्यंत आम्ही उंबऱ्याशी बसून राहिलो. मग हात पुसून त्या गायल्या. आवाज बसका झाला होता, पण गाणं वाढलं होतं. पूर्वी सात घरं असायची, असं त्यांनीच सांगितलं; आता अकरा झाली होती. चाळीत जो जो नवा राहायला आला, त्याचं घर त्यांनी पाळण्यात घातलं होतं, बिहारी वॉचमनचंसुद्धा. काका मोबाइल समोर धरून बसले होते. गाणं संपलं तरी त्यांनी बटण दाबलं नाही. पलीकडच्या कारखान्याचा भोंगा, सोनाबाईंचा खोकला, त्यांनी मला "चहा घेता का?" विचारलेलं, सगळं आत गेलं.

त्यानंतरची दोन वर्षं काका बायकांच्याच मागे होते. धुणीभांडी करताना, वाकळ शिवताना, नात झोपवताना ज्या गुणगुणतात त्यांच्या. "स्टेजवरचे सगळे मी धरले. घरातल्या सुटल्या," म्हणायचे. घणसोली, तुर्भे, कळंबोली, जिथून निरोप येई तिथे बसनं जायचे, परवानगी विचारायचे, नकार आला तर चहा पिऊन परत यायचे. डब्यात आता कॅसेटींइतकीच नवी गाणी जमली होती.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाला सोनाबाई आल्या होत्या. अनोळखी अशा कितीतरी बायका आल्या होत्या. एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण काकांना सगळ्या ओळखत होत्या.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी काकूंनी मला बोलावलं. लेक त्यांना पुण्याला न्यायला आली होती. जाण्याआधी त्यांना काहीतरी ऐकायचं होतं. मला वाटलं, लग्नातलं गाणं. मी ते लावायला गेले तर त्यांनी मान हलवली.

"ते नको. ते घरातल्या बायांचं लाव. पन आख्खं नको, नुसतं शेवटचं."

मी एक गाणं लावून शेवटाकडे नेलं. बाईचा आवाज थांबला. थोडा वेळ नुसती शांतता, कुठेतरी नळ चालू. आणि मग अगदी हळू, काकांचा आवाज. "बरं वाटलं, बाई."

मी दुसरं लावलं. तिथेही तेच. तिसऱ्यातही. एवढ्या गाण्यांची नावं मीच घातली होती, पण गाणं संपल्यावर पुढे काय आहे ते कधी ऐकलं नव्हतं. काकू भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. लेक बॅगा भरायच्या थांबली होती.

"रिक्षा आलीय, आई," ती जरा वेळानं म्हणाली.

"थांबू दे तिला," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पुढचं लाव."