खजुराच्या पातीचा क्रॉस

आखातातल्या अल अमेरात गावच्या दवाखान्यात आमच्या शेजारी एक पिकल्या केसांची आयरिश बाई खजुराच्या पातीचा क्रॉस विणत बसली होती. प्रत्येक पात ती आधी ओठांनी ओली करून घ्यायची.

माझी लेक इंग्रजीत म्हणाली, "ही आयरिश चेटकिणींची खूण! नेटवर वाचलंय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खळखळून हसली.

"अगं, माझी आई लव्हाळ्याचा करायची हा, संत ब्रिजिटच्या सणाला. गाय सुखरूप राहावी म्हणून गोठ्याच्या दारावर लावायची. हल्ली स्वतःला पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या धर्माचे, म्हणवणारे कोणीही मनाला येईल ते रचतात आणि हाच प्राचीन आयरिश धर्म म्हणून सांगतात. आम्हाला विचारायला कोणी येत नाही." मग तिने तो क्रॉस लेकीच्या हातात ठेवला. "तुमच्याकडे दारावर काय लावतात?"

"तोरण."

"कशासाठी?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, फोन दे."

"नेटवर बघणार?"

"नाही," मराठी अडखळतं म्हणून एरवी आजीशी बोलणं टाळणारी माझी लेक म्हणाली, "आजीला विचारते."