कागदाखालचा पत्रा

खालापूरच्या रस्त्याला डांबर-खडीचा प्लांट आहे. दोन उन्हाळे मी आणि माझी सून तिथं कामाला होतो. छपरांवरून काढलेला जुना डांबरी कागद टेंपोनं यायचा. आम्ही बायका त्यातले खिळे, लाकूड, माती काढायचो. मग तो यंत्रात दळला जायचा, गरम खडीत मिसळायचा आणि रस्त्यावर पडायचा. त्यातलं डांबर वाया जात नाही, एवढं मला समजलं.

साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सिमेंटचा, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा, पत्रा यात येता कामा नये. दळला की त्याची धूळ छातीत बसते, ती परत निघत नाही.

त्या दिवशी सून यंत्राच्या तोंडाशी माल टाकायला होती. तोंडाला नुसता पदर. मी तपासलेला ढीग तिच्या पुढ्यात होता. सकाळी तिनं विचारलं होतं, "आई, खालून बघितलं का?" मी म्हटलं, "मला शिकवू नको."

मुकादम यंत्राच्या बटणाकडं निघाला, तेव्हा मला ढिगात कागदाची एक पट्टी दिसली. कडेला शेणाचा वाळलेला ओघळ. ती आमच्या गोठ्याच्या छपराची होती; त्यावर मी गोवऱ्या वाळवायचे.

आमच्याकडं पत्र्याला तडा गेला की पत्रा बदलत नाहीत. तड्यावर तापलेलं डांबर ओततात आणि वर कागद दाबतात. पळसदरीला, आमच्या गोठ्यावर, मीही तेच केलं होतं. गोठा पाडल्यावर ते तुकडे मीच प्लांटच्या टेंपोत घातले. वर कागद दिसला, उलटून पाहिलं नाही. खाली पत्रा चिकटलेलाच होता.

"थांब रं. बटण दाबू नको."

"आता काय, मावशे? खडी तापलीय."

"ढिगात सिमेंटचा पत्रा हाय."

"कोणी आणला?"

"मी."

तो हसला. "एवढ्याशानं काय होतंय? वाऱ्यानं उडंल धूळ."

"मग तिच्या जागी तू उभा रहा."

तो जागचा हलला नाही. बटणही दाबलं नाही.

सगळा ढीग पुन्हा उपसावा लागला. उन्हात बायका चिडल्या. "गोठा आणलास, म्हशी बी आणायच्या व्हत्या की गं," एक म्हणाली. मी पत्र्याचे तुकडे पाणी मारून, प्लास्टिकात बांधून बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी साहेबानं तपासणी सुनेकडं दिली आणि मला खिळे वेचायला बसवलं. ती माझा ढीग एकेक कागद उलटून बघायची. मी बघू दिलं.