खुशबूच्या पाठीवरचा डाग

खैरटोल्यात कोणाला ताप आला की आधी किराणा दुकानातली गोळी, मग फटफटीवर येणाऱ्या डॉक्टरची सुई, मग दुसऱ्या डॉक्टरची सुई, आणि एवढं करूनही माणूस उठला नाही की मागच्या दारानं शकुनबाई. हा क्रम ठरलेला. पुढच्या दारानं तिच्याकडे कोणी गेल्याचं कोणाला आठवत नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात; इथे गरज असतानाही लोक वैद्याला ओळख दाखवत नसत.

ती डाग द्यायची. विळ्याचं टोक चुलीतल्या निखाऱ्यात लाल करायचं आणि पोटावर नाहीतर पाठीवर टेकवून उचलायचं. पोट फुगलं, कावीळ झाली, ताप डोक्यात गेला, सगळ्याला एकच इलाज. सासूनं, कुंताबाईनं, शिकवलं होतं, आणि दोन नियम तिनंच घालून दिले होते. डाग देताना आईनं अंगणात थांबायचं, कारण आई रडली की हात हलतो. आणि दुसऱ्यानं डाग दिला असेल त्या अंगाला आपण हात लावायचा नाही. यश त्याचं, अपयशही त्याचंच.

हे सगळं वाईट होतं, त्यात दुमत नको. भाजून कोणाचा ताप उतरत नाही. उलट भाजल्या जागेतून नवे जंतू आत शिरतात. एका तान्ह्या पोराचा डाग पिकला, पू धरला, ताप भडकला, तेव्हा गावची आशा कार्यकर्ती उषाबाई दारात उभी राहून म्हणाली की पुढच्या वेळी पोलीस घेऊन येईन. ते पोर नशिबानं वाचलं. शकुनबाईनं विळा घासून धुतला आणि त्यानं फक्त गवत कापायला लागली. पण नाव एकदा पडलं की पडलं. गावात ती डागवालीच राहिली.

मागच्या वर्षी भादव्यात, धानाची रोवणी आटोपून शेतातल्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या, तेव्हा गुड्डी मागच्या दारानं आली. गुड्डी म्हणजे राजकुमारची बायको, दोन घरं सोडून राहणारी. कडेवर तिची खुशबू, नऊ वर्षांची घोडी. एरवी ही पोरगी तळ्याच्या पाळीवर बकऱ्यांमागे पायातल्या तोरड्या वाजवत धावायची. आता मान टाकून पडली होती.

"सुई लागूनच नाही रायली वो मावशी," गुड्डी म्हणाली. "तीन डॉक्टर झाले. एक बार तू पाह्य न."

"मी सोडलं ते सारं."

"कोणाले नाही सांगत मी. पोरगी हातची जाऊन रायली माही."

शकुनबाईला नाही म्हणवेना. नुसता हात लावून पाहू, एवढंच मनात होतं, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. खरं काय ते तिच्या चुलीला ठाऊक. गुड्डी रिवाजाप्रमाणे अंगणात थांबली. खुशबू आत आली आणि दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली.

"आजी, डाग नोको देऊ न वो."

शकुनबाईनं तिला पाठमोरी केली आणि झगा वर उचलला. उजव्या बगलेच्या मागे बोटाच्या टोकाएवढा काळा डाग होता. मधे काळी खपली, भोवती लाल कड. भाजल्यासारखा, आणि ताजा.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे ही आधीच कोणाकडे तरी जाऊन आली! आणि वर तोंड करून मावशी, मावशी! तिला सासूचा नियम आठवला. खरं तर मान दुखावला होता, पण मान नियमाआड लपला की माणसाला आपण फार नीतीनं वागतोय असं वाटतं. तिनं पोरीला काही विचारलं नाही. झगा खाली सोडला.

"जा. नाही देत मी डाग."

खुशबू वळली आणि हसली. ओठ तापानं फुटलेले, डोळे लाल, तरी शाळेला अचानक सुट्टी मिळावी तशी हसली. "खरंच?" म्हणाली, आणि अंगात त्राण नसताना तोरड्या वाजवत अंगणात गेली.

"देला का?" बाहेरून गुड्डीनं विचारलं.

"नाही देला. दवाखान्यात ने तिले," शकुनबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. जे पाहिलं ते तिनं सांगितलं नाही.

दवाखाना बराच लांबचा होता. तिथल्या डॉक्टरला तो डाग दिसला. डाग दिलेली लेकरं त्यानं आधी पाहिली होती आणि त्यांचे आईबाप कसे खोटं बोलतात तेही पाहिलं होतं. "कोणी भाजलं हिला?" त्यानं दरडावून विचारलं. खुशबू तोवर कोणाला ओळखत नव्हती. गुड्डीनं तो डाग पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला दुसरं काय सुचणार? आपण अंगणात होतो, पोरगी आत होती. मावशीनं डाग दिला आणि पोलिसाच्या भीतीनं नाही म्हणाली. ती पोर ओरडली कशी नाही, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरशी खोटं बोललो तर पोरीला औषध चुकीचं मिळेल, एवढं मात्र आलं.

"हो साहेब," ती म्हणाली. "डाग देला आमच्या गावच्या बाईनं."

बिचारी खरं समजूनच बोलली. मग त्या डागाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. भाजलेली जखम पिकून विष रक्तात गेलं असेल असं धरून औषध सुरू झालं. ते लागू पडेना म्हणून त्याहून भारी, मग त्याहून भारी. आठवडा व्हायच्या आत खुशबू गेली.

राजकुमार रडत ओरडत शकुनबाईच्या घरात शिरला आणि तिचा विळा उचलून तळ्यात फेकून आला. "मी नाही देला रे," ती म्हणत राहिली. "आधीचा होता तो. दुसऱ्या कोणी देला." गावानं ते ऐकून घेतलं आणि हातपंपावर तिच्यानंतर बादली लावायचं बंद केलं.

खरं काय ते तिला प्रविणनं सांगितलं. प्रविण तिच्या बहिणीचा मुलगा, साकोलीला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला. खुशबूचं थोडं रक्त दवाखान्यानं नागपूरला पाठवलं होतं. त्याचा निकाल पोरगी गेल्यावर त्याच्या लॅबमार्फत आला.

"मावशी, तो डाग कोणीच नोहता देला," ओसरीवर बसून तो म्हणाला. "गवतात बारीक किडे राहते, उंदराच्या अंगावरचे. डोळ्याले दिसत नाही. चावला त समजतही नाही. मग तिथं काळी खपली धरते, अगदी भाजल्यासारखी. स्क्रब टायफस म्हणते त्या तापाले. मोठेमोठे फसते."

शकुनबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "रक्त त किती बार काढलं होतं म्हणे. तवा काहून नाही समजलं?"

"आम्ही रक्त ताटलीत पेरतो, तू धानाचे पऱ्हे टाकते तसं. टायफाईडचा जंतू असला त बरेच बार उगवते, अन् तो कोणत्या औषधानं मरते तेही तिथंच पाहता येते. पण हा जंतू बांडगुळासारखा. बांडगूळ जमिनीत लावून पाह्य, येते का? त्याले जितं झाड पाहिजे. ह्याले जित्या अंगाचा आसरा पाहिजे. ताटली साफच रायते. याची तपासणी येगळी. अन् ते टायफाईडची झटपट तपासणी असते न, तिच्यात जुन्या तापाच्याही खुणा निघते. एकट्या तिचा भरवसा नाही."

"मंग येवढ्या भारी सुया काहून नाही लागल्या? जंतूले सवय झाली होती का औषधाची?"

"तसंही होते. दोन दिवसांत बरं वाटलं का लोक गोळ्या टाकून देते. सर्दीलेही सुई मागते. नरम जंतू मरते, ढीट तेवढे रायते, अन् मग ढिटाचीच पैदास वाढते. उद्या खरी गरज पडली का औषध चालत नाही. पण खुशबूचा जंतू ढीट नोहता मावशी. त्या सुया त्याच्यासाठी नोहत्याच. साधी डॉक्सीची गोळी येळेवर भेटली असती त पोरगी वाचली असती. त्या खपलीले कोणीतरी ओळखाले पाहिजे होतं. डॉक्टरनं विचारलंही होतं, पण तिची माय डाग देला म्हणली. मग झालं."

आपली मावशी या 'कोणीतरी'मध्ये येते हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला, म्हणाला, "चाल, मी सांगतो गावात. तुहं नाव साफ होईन."

तिनं त्याची बाही धरली. "नोको. गुड्डीले समजन न मंग."

"काय समजन?"

"का ते डॉक्टरले हो म्हणली म्हणून त्या खपलीकडं कोणी पाह्यलं नाही."

प्रविण खाली बसला. पोरगी गेलेल्या आईच्या पदरात हे टाकायचं आणि आपण धुतल्या तांदळासारखं होऊन बाहेर यायचं, हे शकुनबाईच्यानं होणार नव्हतं. शिवाय ती कुठे धुतल्या तांदळासारखी होती? सगळ्यांच्या आधी तो डाग तिनं पाहिला होता. कोणाकडून आणला एवढं जरी फणकाऱ्यानं विचारलं असतं, तरी गुड्डी चमकली असती, आणि दवाखान्यात तिनं 'हो' म्हटलं नसतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. भर दुपारी, टोल्यातली सगळी माणसं बांधीत गेली की अंगणातून तोरड्या वाजत यायच्या आणि दारापाशी थांबायच्या. शकुनबाई भुताखेतांना भिणारी नव्हती. नागझिऱ्याच्या जंगलात मोहफुलं वेचत म्हातारी झाली होती. रडणाऱ्या भुताला लिंबू उतरवता येतं, हात जोडता येतात. हे भूत हसत यायचं. डाग नाही मिळाला म्हणून आनंदानं यायचं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. तव्यावरच्या रोटीला करपलेला ठिपका पडला तरी ती रोटी उलटी करून ठेवायची.

दवाखान्यातून सूचना आल्यावर उषाबाईनं घरोघर जाऊन काळ्या खपलीचं सांगितलं, पाळीवरचं गवत कापायला लावलं, गवतात उघड्या अंगानं लोळू नका म्हणून बजावलं. गुड्डी तेव्हा माहेरी आसगावला होती. हे ऐकून शकुनबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. खुशबूचं नाव उषाबाईनं काढलं नाही. गावानंही दोन गोष्टी जोडल्या नाहीत. त्यांना डागवाली हाताशी होती, किडा शोधायचं काय कारण?

यंदा पुन्हा भादवा आला. हातपंपावर कानावर पडलं की गुड्डीच्या मनिषला, पाच वर्षांच्या पोराला, ताप भरलाय आणि दोन सुया झाल्यात. शकुनबाई भरलेली बादली तिथेच ठेवून निघाली, आणि पुढच्या दारानं गेली.

गुड्डी झाडू घेऊन दारात आली. "पाय नोको ठेवू माह्या घरात."

"नाही ठेवत. मी इथंच रायतो." शकुनबाई अंगणात उभी राहिली, जिथे एवढी वर्षं तिनं आयांना उभं केलं होतं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. "तूच पाह्य. पोराचे सारे कपडे काढ. बगलात पाह्य, जांघेत, कानामागं, कंबरेच्या करदोट्याखाली. डाग देल्यासारखी काळी खपली आहे का?"

गुड्डी झाडू खाली टाकून आत गेली. पोर कुरकुरलं. ती पोराला खांद्यावर टाकून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आहे. करदोट्याखाली. पण याले कोणी डाग नाही देला. माह्याबिगर कोणी हातही नाही…"

आणि ती थांबली. तो शब्द कुठे जाऊन लागला ते शकुनबाईनं अंगणातून पाहिलं.

"आता नोको विचार करू," ती ओरडली. "ने त्याले साकोलीले! डॉक्टरले पहिले खपली दाखवजो. म्हणजो, हा डाग नोहे, गवतातला किडा चावला. जा न वो!"

राजकुमारनं फटफटी काढली. मनिषला त्याच दिवशी गोळी सुरू झाली, दोन दिवसांत ताप उतरला. बरं वाटल्यावरही उषाबाईनं रोज येऊन, समोर उभं राहून, उरलेल्या गोळ्या संपवायला लावल्या.

मग एका दुपारी गुड्डी आली. पुढच्या दारानं. अंगणातच उकिडवी बसली आणि खाली मान घालून मातीत बोट फिरवत राहिली.

"मावशी, खुशबूचा तो… तू नोहता देला न?"

वर्षभर हाच प्रश्न कोणी विचारावा म्हणून शकुनबाई तरसली होती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"मीच हो म्हणली होती डॉक्टरले," गुड्डी म्हणाली. "माह्याच तोंडानं म्हणली होती."

"देला होता मी," शकुनबाई म्हणाली.

गुड्डीनं मान वर केली. "खोटं नोको बोलू. ओरडली कशी नाही मंग ते?"

"तोंड दाबलं होतं तिचं." शकुनबाईनं नजर हलवली नाही. "पोलिसाले भ्याली म्हणून नाही म्हणली होती मी. तू डॉक्टरले खरं तेच सांगतलं, बाई. तुही काही चूक नाही."

गुड्डी उठली, शकुनबाईच्या पायाशी थुंकली, आणि मोठ्यानं रडत घराकडे गेली. वर्षभरात ती अशी मोकळी रडली नव्हती.

शकुनबाई चौकटीला टेकून बसली. टोला रिकामा होता. थोड्या वेळानं अंगणातून तोरड्या वाजत आल्या आणि दारापाशी थांबल्या.

"तुह्या मायले नोको सांगजो," शकुनबाई म्हणाली.