हॅलोताईंची पाखरं

माझ्या नणंदेला सगळा शेजार हॅलोताई म्हणे. त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला यंत्र लावून बसायचं आणि आवाजावरून माणूस ओळखायचा. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं की या विचारत, "काय डॉक्टर, तुम्हालाच सर्दी?" मी मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना वन्संच म्हणत आले.

डोळे त्यांचे लहानपणापासून अधू. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. त्यामुळे पाखरांचा नाद लागला तोही कानांनीच. आमच्या मागच्या गॅलरीखाली खाडीचा चिखल आहे. ओहोटीला उघडा पडला की पाखरं उतरतात. माझ्या मुलाने एकदा हौसेने दुर्बीण आणली. वन्संनी ती डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, "वा! धुकं केवढं मोठं दिसतंय!"

सकाळी चहा घेऊन त्या डोळे मिटून बसत. "हा तुतवार. एकटा नाही, जोडीला आहे कुणीतरी. पलीकडे चिखल्या. आणि वहिनी, तुमचा बगळा खाकरतोय बघा." बगळा माझा, कारण मला तेवढाच ओळखता येई. माझे यजमान थट्टा करत, "लोक पक्षी बघायला जातात, आमची ताई त्यांचे फोन जोडते."

ते गेले, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. वन्संची सकाळ पाखरांनी भरलेली असे. मला कधीकधी त्यांचा हेवा वाटे.

मग एका वर्षी, थंडीचे पाहुणे यायच्या दिवसांत, त्या गॅलरीतून हिरमुसून आत येऊ लागल्या. "तुतवार नाहीत. चिखल्या नाहीत. बारकी पाखरं सगळी गेली हो, कावळे आणि बगळे तेवढे राहिले." मला चिवचिवाट ऐकू येत होता, पण त्यांच्यापुढे माझं ज्ञान ते काय! वाटलं, त्या ज्यांची वाट बघतात ते खास कुणी आले नसतील.

खाडीच्या तोंडाशी तेव्हा नव्या धक्क्यासाठी गाळ उपसायचं यंत्र लागलं होतं. वन्संचा सारा राग त्याच्यावर. अन्न जाईना. घरात कुणी वारल्यासारख्या वावरत. म्हणत, "माणूस जातो तेव्हा निदान निरोप तरी येतो. ही न सांगता गेली."

धक्क्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला इंजिनियर शाळेच्या हॉलमध्ये आले, तेव्हा वन्संनी ठेवणीतले कपडे घातले आणि मला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. पाळी आल्यावर उभं राहून एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या यंत्राने आमची पाखरं घालवली. ती परत कशी आणणार, ते सांगा."

मागून मासळीवाली ओरडली, "अहो हॅलोताई, गेली कुठे? खाडीच्या पायरीवर बसते तर कान किटवतात मेली!"

लोक हसले. वन्संनी हात वर केला. "सगळे गप्प बसा. ऐका."

हॉल गप्प झाला. खिडक्या चिखलाकडे सताड उघड्या होत्या, आणि ओहोटी होती. शाळा सुटावी तसा कलकलाट आत येत होता, बारीक, तीक्ष्ण, न थांबणारा. मलाही कळावा इतका.

"बघा," वन्सं म्हणाल्या, "एक तरी आहे का?"

एक मुलगी फिसकन हसली, तिला आईने चिमटा काढला. इंजिनियर समोरचे कागद चाळू लागले. वन्सं माझ्याकडे वळल्या आणि वाकून अगदी जवळून माझा चेहरा बघू लागल्या.

"आहेत?"

मी मान हलवली.

"आत्ता?"

"हो, वन्सं."

त्या सरळ झाल्या. इंजिनियरांना म्हणाल्या, "माफ करा. लाइन इकडचीच खराब आहे." आणि माझा हात धरून बाहेर पडल्या.

कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. म्हणून कावळे-बगळे तेवढे उरले होते. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यातून पंखा, भांडी, माझ्या सपाता, सगळं दणदणे. पाखरं मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. "हा तुतवार नाही, वहिनी, तोतया आहे कुणीतरी." यंत्र कपाटात गेलं.

मग मी नकला करायला लागले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शीळ घालणाऱ्या मुलीला बाकावर उभं करत, त्यामुळे ती विद्या मला आलीच नाही. वन्संच्या कानाशी तोंड नेऊन मी आपलं जाड आवाजात म्हणे, "ट्वी-वी-वी."

"शेवटी सूर खाली उतरतो का?"

"उतरतो."

"मग तुतवारच. पण तुमचा तुतवार म्हणजे चहाची किटली आहे हो!" आणि हसत. ती थंडी अशी निघाली. चिखलावर कोण काय बोललं ते माझ्या किटलीतून त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

मधल्या महिन्यांत माझं साधं बोलणंही त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागू लागलं होतं. पुढच्या वर्षी पाखरं आली त्या सकाळी मी उत्साहाने वाकून तीनचारदा आवाज काढला. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हं, करा सुरू."

मी घसा ताणून पुन्हा केलं. खालून जाणाऱ्या मासळीवालीने मान वर करून पाहिलं. वन्संच्या गालाला माझा श्वास लागला असावा. त्यांनी हात उचलून बोटं माझ्या ओठांवर ठेवली. ओठ हलत होते.

"केव्हापासून करताय?"

बोलून तरी काय पोचणार होतं?

"राहू द्या, वहिनी. घसा बसेल." कप उचलून त्या आत गेल्या.

त्यानंतर त्या गॅलरीत बसल्या नाहीत. मीच एकदा हाताला धरून, उन्हात तरी चला म्हणून, दारापर्यंत नेलं. खाली चिखलावर पाखरांची नुसती गर्दी उसळली होती. वन्संनी चौकट घट्ट धरली.

"आहेत ना?"

मी त्यांचा हात दाबला.

"ती गेली असं वाटत होतं ना," त्या म्हणाल्या, "तेच बरं होतं."