शून्यावर कोण उभं राहणार

हेडमास्तरांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि भर वर्गात म्हणाले, "मास्तर, शून्यावर त्या पोरीला उभी करा. शून्य म्हणजे काय ते सगळ्यांना लगेच कळेल."

वर्ग हसला.

पोर गाबताची, दर्यावर मासे मारणाऱ्यांच्या घरातली. आठ-नऊ वर्षांची. सकाळी आईबरोबर मासळी निवडून तशीच शाळेत आलेली. मनगटाला खवले चिकटलेले.

देवगडजवळच्या एका गावातली ही शाळा. साठ सालानंतरची गोष्ट. मी तिथे नवा मास्तर होतो. नोकरी कायम व्हायची होती, आणि ती हेडमास्तरांच्या शेऱ्यावर होणार होती. त्या दिवशी ते माझा पाठ पाहायला बसले होते.

पाठ ओळीतल्या जागांचा. भिंतीपासून एकेक पाऊल सोडून जमिनीवर खडूच्या सहा खुणा केल्या होत्या. पहिली खूण भिंतीला लागून. तिचा आकडा शून्य. नवशिक्याला हे पचत नाही. पहिली जागा आणि शून्य? पण हा आकडा कितवा ते सांगत नाही. भिंतीपासून किती पावलं चाललात ते सांगतो. भिंतीजवळचा एकही पाऊल चाललेला नाही, म्हणून शून्य. शेवटच्याचा आकडा पाच. उभी माणसं मात्र सहा.

आदल्या दिवशी हेच मी पाण्याची खोली मोजायच्या दोरीवर दाखवलं होतं. शिशाच्या गोळ्याशी एक गाठ, पुढे दर वावेला, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या लांबीला, एक. पोरांनी गोळ्याची गाठही मोजली. पाच गाठी भिजल्या, म्हणून पाच वाव पाणी म्हणाली. पाणी चारच वाव. माझ्या बापाने असं मोजलं असतं तर होडी खडकावर गेली असती. मीही गाबीत.

पोर उठली. भिंतीजवळच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. मागून एक पोरगा ओरडला, "गो, तुका भोपळो गावलो!"

ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, मी पयली उबी रवलंय. मगे माका शून्य कित्याक?"

प्रश्न बरोबर होता. सगळा पाठ त्या प्रश्नासाठीच होता. मी तोंड उघडण्याआधी हेडमास्तरांनी उत्तर दिलं.

"कारण तुला मोजायचं नसतं."

पुन्हा हशा. हेडमास्तरांनी तपकीर ओढली, नाक शिंकरलं आणि बोटं वर्गाच्या भिंतीला पुसली. मग म्हणाले, "दार उघडं ठेवा. घाण मारते."

माझा चेहरा त्यांना दिसला असावा. ते हसून म्हणाले, "तुम्हाला का लागावं, मास्तर? तुम्ही सुटलात. तुमच्या अंगाला आता वास येत नाही."

हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं.

भिंतीवर त्यांच्या नाकातली तपकिरी रेघ ओली होती. त्यांच्या शेजारी मी स्वच्छ धोतरात उभा. त्यांच्या मते सुटलेला. माझ्या आईच्या हातालाही खवले असत. तिच्यापासून सुटलेला.

मी पोरीला म्हटलं, "जाग्यार बस, बाय." गावची भाषा मी वर्गात कधी बोलत नसे. त्या दिवशी बोललो.

मग हेडमास्तरांकडे वळलो. "शून्यावर माणूस लागतो. ती जागा रिकामी नसते. तो माणूस सोडला तर सगळी मोजणी चुकते. हेडमास्तर, या. तुम्ही उभे राहा. पहिली जागा आहे. मानाची."

ते उठले नाहीत. मान लाल झाली. मानाची जागा होती, तर उठायला काय हरकत होती? आपण त्या पोरीला कुठे उभं केलं होतं, ते त्यांना नीट माहीत होतं.

"तुमचा शेरा माझ्या हातात आहे," ते म्हणाले.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिला. नोकरी कायम झाली नाही.

पुढे दुसरीकडे शिकवू लागलो. भली माणसं भेटतात, चहा देतात, आणि प्रेमाने सांगतात, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." तेव्हा मी कप खाली ठेवतो.

"मी त्यांच्यातलाच आहे. आता पुढचं बोला."