दादाची टाच

गॅरेजच्या वरच्या खोलीत आमचा दादा बावीस वर्षं कराटे शिकवतोय. शिकवतोय कसलं, एकच गोष्ट घोटून घेतोय: नीट उभं राहणं. पुढचा गुडघा वाकवायचा, मागची टाच जराशी उचलायची. त्याचे गुरू तसेच उभे राहायचे, आणि गुरूंचं सगळंच दादाला काळ्या दगडावरची रेघ.

परवा वर्गातल्या नर्सबाईंनी विचारलं, "सर, टाच उचलायची कशासाठी?"

दादाने तरी कधी विचारलं होतं? मग तो अंथरुणाला खिळलेल्या गुरूंकडे गेला. मीही सोबत होते.

गुरू हसत सुटले. "अरे वेड्या, माझा घोटा मोडला होता. टाच टेकायचीच नाही माझी!"

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला! इतकी वर्षं शिष्य समोर उभा होता, याचे डोळे काय फुटले होते?

दुसऱ्या दिवशी दादाने वर्गाची माफी मागितली आणि सगळ्यांना टाच टेकवायला सांगितली.

तीसही जणांची टेकली. दादाने स्वतःची टेकवून पाहिली, पुन्हा पाहिली.

नर्सबाईंनी खाली बसून ती चाचपली. "शीर आखडलीय, सर," त्या हळूच म्हणाल्या. "आता नाही टेकायची."